दादासाहेब लंडनला होते तेव्हा

परदेशात पंधरा ऑगस्ट बहुतेक वेळा रविवारी येतो. कॅलेंडरवर मंगळवार असो की गुरुवार, तिकडे ना सुट्टी, ना प्रभातफेरी. त्यामुळे जवळचा रविवार धरायचा आणि त्यालाच पंधरा ऑगस्ट म्हणायचं. मी नोकरीनिमित्त लंडनला होते त्या वर्षांत आमचा दहा-बारा घरांचा गट असाच रविवार पाळत असे. लाल किल्ल्यावर सकाळी साडेसातला झेंडा चढतो तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे तीन वाजलेले असतात, म्हणून तो सोहळा नंतर मोबाइलवर बघायचा. दुपारी तीन तासांसाठी भाड्याने घेतलेला हॉल, टेबलाला बांधलेल्या काठीवर झेंडा, जन गण मन, आणि मग आलूबोंडे. गिला वड्याची आठवण दरवर्षी निघायची, पण तो अमरावतीच्या गाडीवर उभं राहूनच खावा, यावर आमच्यात एकमत होतं.

एका वर्षी गटातल्या अकोल्याच्या मैत्रिणीने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. नवऱ्याची नोकरी, मुलांचं कॉलेज, कारणं नेहमीचीच. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि तो परत केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आलं त्याच आठवड्यात तिने ग्रुपवर विचारलं, "मी आता नुसती जेवायला येऊ, का झेंड्याले बी?" सगळ्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. तिने मात्र अर्धं खरंच विचारलं होतं, हे आम्हा दोघी-तिघींना कळलं.

तेव्हा मला आपल्या गावचे दादासाहेब खापर्डे आठवले. राजेहो, राजकमल चौकातून शाळेला जाताना आपण खापर्डे वाड्याचं नाव रोज ऐकत होतो. शिर्डीला जाणाऱ्यांना ते साईबाबांकडे राहून डायरी लिहिणारे खापर्डे म्हणून माहीत असतात. त्याआधी ते दोन वर्षं लंडनला होते, आणि त्यांच्या त्या मुक्कामाच्या आगेमागे तिथल्या हिंदी माणसांनी आपला 'राष्ट्रीय दिवस' कोणता आणि तो कसा पाळायचा याचे कितीतरी प्रयोग केले. स्वातंत्र्य नव्हतं, त्यामुळे स्वातंत्र्यदिनही नव्हता. दिवस शोधून काढावा लागत होता. ती हकिकत इथे लिहिते.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा, गणेश चतुर्थीचा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, वकील झाले, काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि १८९० पासून अमरावतीत वकिली. थाट असा की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, अध्यक्ष शंकरन नायर, आणि स्वागताध्यक्ष हे. टिळकांचे ते निकटचे सहकारी. १९०८ साली अकोल्याला शिवजयंतीच्या सभेला टिळक आले होते, ती गोष्ट आपल्याकडे घरोघरी 'गजानन विजय'च्या पंधराव्या अध्यायात वाचली जाते. टिळकांना शेगावहून भाकरीचा प्रसाद पाठवण्याच्या त्या कथेत खापर्डेही आहेत. शिवजयंती म्हणजे त्या काळचा आपला राष्ट्रीय सणच. टिळकांनी तो तसा केला होता.

त्यानंतर काही आठवड्यांतच, २४ जून १९०८ ला टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे करायचं ठरलं आणि त्यासाठी ऑगस्टमध्ये खापर्डे निघाले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, चालती वकिली बंद ठेवून, बोटीने.

आता कागदाची गोष्ट सांगते, कारण मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. ज्या वऱ्हाडातून दादासाहेब निघाले ते कायद्याच्या भाषेत 'ब्रिटिश इंडिया'त नव्हतंच. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, पण मालकी हैदराबादच्या निजामाची. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी करार केला: वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे, वर्षाला २५ लाख रुपये भाडं. घर भाड्याने देतात तसा प्रांत दिला. दुसऱ्या वर्षी तो कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला, पण कागदावर तो निजामाचाच राहिला. म्हणजे बघा, निजामाच्या मुलखातला माणूस इंग्रजांच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे पुण्याच्या माणसाची बाजू मांडायला निघाला होता, तीही हिंदुस्थान हे एक राष्ट्र आहे असं धरून. तसं सांगणारा एकही सरकारी कागद त्यांच्याजवळ नव्हता.

ते पोचले तेव्हा लंडनमध्ये वातावरण तापलेलं होतं. हायगेट भागात क्रॉमवेल अव्हेन्यूवरच्या ६५ नंबरच्या घरात श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली इंडिया हाउस सुरू केलं होतं. खरं तर ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह, पण १९०६ ला सावरकर तिथे आल्यावर त्याचा अड्डा झाला. ते घर अजून उभं आहे. दारावर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे, आतमध्ये लोक राहतात. मी गेले तेव्हा समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. पाहण्यासारखं तेवढंच आहे.

या मुलांनी निवडलेला पहिला दिवस १० मे. १८५७ साली याच तारखेला मेरठला उठाव झाला. १९०७ हे त्याचं पन्नासावं वर्ष, आणि गंमत अशी की तो सुवर्णमहोत्सव इंग्रजही साजरा करत होते, उठाव मोडल्याचा! डिसेंबर १९०७ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्या लढाईतल्या म्हाताऱ्या शिपायांना मोठी मेजवानी दिली गेली. एकच शहर, एकच वर्ष, एकच घटना, आणि दोन सण. हिंदी विद्यार्थ्यांनी १८५७ च्या हुतात्म्यांच्या स्मरणाचे बिल्ले छातीवर लावले आणि कॉलेजात गेले. सिरेन्सेस्टरच्या शेतकी कॉलेजात हरनाम सिंग नावाचा विद्यार्थी होता. बिल्ला काढ म्हटल्यावर त्याने काढला नाही आणि कॉलेज सोडलं. आपण पंधरा ऑगस्टला शर्टाला टाचणीने कागदी तिरंगा लावायचो, घरी येईस्तोवर टाचणी गंजलेली आणि कागद फाटलेला. तेवढ्याच आकाराच्या वस्तूपायी त्या पोराचं शिक्षण गेलं.

त्याच १९०७ च्या ऑगस्टमध्ये, २२ तारखेला, मादाम कामांनी जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला होता. देवनागरीत 'वंदे मातरम्' लिहिलेला तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी हिंदुस्थानात आणला आणि आज तो पुण्याला केसरी वाड्यात आहे. पुण्यात शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्या आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिला नसेल, अशी मला दाट शंका आहे.

दादासाहेबांच्या वाट्याला आला तो डिसेंबर १९०८. वेस्टमिन्स्टरमधल्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची राष्ट्रीय परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी खापर्डे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच हॉलमध्ये गुरू गोविंदसिंहांची जयंती साजरी झाली, तिला बिपिनचंद्र पाल अध्यक्ष आणि लाला लजपतराय वक्ते. काय काय साजरं केलं जात होतं बघा: मराठ्यांची शिवजयंती, मेरठचा १० मे, शिखांच्या गुरूंची जयंती. ज्याच्याकडे जो दिवस होता तो त्याने आणला आणि बाकीच्यांनी तो आपला मानला. आपल्या सोसायट्यांत एकाच्या सणाच्या लाउडस्पीकरवर दुसरा तक्रार करतो, हे आठवून मला या यादीचा हेवा वाटतो.

कॅक्स्टन हॉलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती इमारत मला फार आवडली. लाल विटांची, सेंट जेम्स पार्क स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. मताधिकार मागणाऱ्या इंग्रज बायकांच्या सभा याच हॉलमध्ये त्याच वर्षांत भरत होत्या आणि तिथून त्या पार्लमेंटवर मोर्चा नेत. पुढे १३ मार्च १९४० ला उधमसिंगांनी मायकल ओड्वायरला गोळी घातली तीही याच इमारतीत. नंतर तिथे विवाह नोंदणी कार्यालय होतं आणि सिनेमातल्या, गाण्यातल्या बड्या लोकांची लग्नं लागत. आता महागडे फ्लॅट आहेत. हॉल भाड्याने घेण्याची आमची सवय किती जुनी आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं. पैसे जमवायचे, तारीख मिळवायची, वेळेत खाली करून द्यायचा. फरक इतकाच की आमच्या दाराशी गुप्त पोलीस नसायचे. त्यांच्या दाराशी स्कॉटलंड यार्डची माणसं होती आणि आत कोण गेलं याच्या नोंदी होत होत्या.

१ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. १७ ऑगस्टला धिंग्रांना फाशी झाली. इंडिया हाउस मोडलं. कोणाच्या पाठीमागे हेर, कोणाच्या घरून पैसे बंद. हिंदी विद्यार्थ्याला खोली भाड्याने द्यायला घरमालकीण कचरू लागली. दिवस साजरा करायला याहून वाईट वेळ नव्हती, आणि नेमका त्याच शरद ऋतूत या मंडळींनी दसरा केला.

२४ ऑक्टोबर १९०९. बेजवॉटर भागातलं निजामुद्दीनचं हिंदी रेस्टॉरंट. तिकीट चार शिलिंग. अध्यक्ष म्हणून बोलावलं ते ट्रान्सवालच्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं घेऊन लंडनला आलेल्या मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरला, आणि वक्ते सावरकर. धिंग्रांच्या कृत्याचा गांधींनी उघड निषेध केला होता, सावरकर धिंग्रांच्या बाजूचे. गांधींनी अट घातली की वादाचं राजकारण काढायचं नाही. सावरकर रामायणावर बोलले आणि ते भाषण जोशपूर्ण होतं असं गांधींनीच 'इंडियन ओपिनियन'मध्ये लिहिलं. हुसेन दाऊद नावाचा मुसलमान तरुणही बोलला. मद्रासकडचे डॉ. राजन तेव्हा तिथे विद्यार्थी होते. त्यांनी पुढे आठवण लिहिली आहे की स्वयंपाक मुलंच करत होती, एक किडकिडीत गृहस्थ दुपारीच येऊन निमूटपणे कामाला लागले, आणि हेच आजचे अध्यक्ष हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

राम वाईटावर विजय मिळवतो, हे दोघांनाही मान्य. विजय कसा मिळवायचा, यावर त्यांचं कधीच जमणार नव्हतं. तीन आठवड्यांनी गांधी आफ्रिकेच्या बोटीत बसले आणि बोटीवरच त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. लंडनच्या या मंडळींशी झालेला वाद त्या पुस्तकात पानोपानी आहे. पण त्या रात्री दोघे एका पंगतीत जेवले. आमच्या गटात एका निवडणुकीच्या वर्षी दोन घरांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी या दसऱ्याची गोष्ट सांगितली होती. पुढच्या रविवारी दोन्ही घरं आली. एकमेकांपासून लांब बसली, पण आली.

दादासाहेब त्या वर्षी लंडनमध्येच मुक्कामाला होते. त्यांचं मूळ काम मात्र फसलं. प्रिव्ही कौन्सिलने टिळकांचं अपील घेतलं नाही, पार्लमेंटच्या सभासदांकडे खेटे घालूनही उपयोग झाला नाही. १९१० च्या शरदात ते परत निघाले ते रंगूनमार्गे. वाकडी वाट करून मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले आणि नोव्हेंबरात अमरावतीला पोचले. महिनाभरात ते पहिल्यांदा शिर्डीला गेले. दोन वर्षांच्या खटपटीनंतर हात हलवत परत आलेला माणूस शिर्डीला का जातो, याचं मला तरी नवल वाटत नाही.

देशाला एक ठरलेला दिवस मिळाला तो आणखी वीस वर्षांनी. डिसेंबर १९२९ ला लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला. तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड आयर्विन, ज्यांच्या नावाने आपण अजून 'इर्विन चौक' म्हणतो आणि रिक्षावालाही बरोबर नेतो. त्यानंतर १९४७ पर्यंत दरवर्षी २६ जानेवारी हाच स्वातंत्र्यदिन होता, देशात आणि परदेशातही.

पण वऱ्हाडच्या लोकांसाठी मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९३६ चं बर्लिन. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या वर्षी ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि त्यांनी तिथे हुतूतूसकट आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. ज्या मंडळाच्या मैदानावर आपण शाळेच्या स्पर्धांना गेलो, तिथली पोरं हिटलरच्या राजधानीत आपला खेळ दाखवत होती. ऑलिम्पिकच्या संचलनात हिंदुस्थानच्या पथकापुढे झेंडा होता तो कोपऱ्यात युनियन जॅक असलेला. हॉकीची अंतिम लढत पावसामुळे एक दिवस पुढे गेली आणि ती झाली, तारीख लक्षात घ्या, १५ ऑगस्टला. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केलं आणि मग मैदानात उतरले. ध्यानचंदांनी हे आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. जर्मनीविरुद्ध ८-१. देश स्वतंत्र व्हायला बरोबर अकरा वर्षं बाकी होती.

आणि त्याच १९३६ साली इकडे अमरावतीत काय झालं? निजामाशी इंग्रजांचा नवा करार झाला. त्यात वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याशेजारी निजामाचा झेंडा लावायची तरतूद होती, आणि निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. बर्लिनला युनियन जॅकवाला झेंडा, खोलीत लपवलेला तिरंगा, गावी निजामाचा झेंडा! बेरारच्या या राजपुत्राला बेरारात विचारत कोण होतं, हा वेगळा प्रश्न. दादासाहेब तेव्हा हयात होते, वय ८२. दोन वर्षांनी, १९३८ ला ते गेले.

१५ ऑगस्ट १९४७ ला लंडनच्या ऑल्डविचमधल्या इंडिया हाउसवर तिरंगा चढला. हे इंडिया हाउस वेगळं, सरकारी, हायगेटच्या घराशी त्याचं फक्त नाव सारखं. मग संविधान सभेने राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, पण लागू केली २६ जानेवारीला, त्या जुन्या स्वातंत्र्यदिनाची तारीख वाया जाऊ नये म्हणून. त्या सभेत आपले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, जे स्वतः इंग्लंडात शिकून आले होते. वऱ्हाडच्या कागदांचा घोळही त्या घटनेबरोबर मिटला.

यातलं बरंचसं मी त्या अकोल्याच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. म्हटलं, दादासाहेब ज्या दिवशी कॅक्स्टन हॉलमध्ये अध्यक्ष होते त्या दिवशी त्यांचा कागद निजामाचा होता, तुझा राजा चार्ल्सचा आहे, एवढाच फरक. ती म्हणाली, "फरक हाय ना बाई. त्यायनं तो कागद मागितला नव्हता, म्या अर्ज करून घेतला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ती बरोबर बोलत होती असं मला अजूनही वाटतं. ती झेंड्याला आली. मागच्या रांगेत उभी राहिली आणि राष्ट्रगीत सगळ्यांत मोठ्याने तिनेच म्हटलं.

शेवटी एक विनंती. आपल्या बॅचमध्ये अमरावतीची जुनी घरं बरीच आहेत आणि आपले काही सर तर मंडळाच्याच तालमीत वाढलेले. कोणाच्या आजोबांचा, मामांचा बर्लिनच्या पथकातला फोटो, पत्र, बोटीचं तिकीट, काहीही पेटीत पडलेलं असेल तर मेळाव्याला घेऊन या. मी स्कॅनर आणते. मूळ वस्तू तिथल्या तिथे परत मिळेल, आणि स्कॅन केलेली प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवू.